जिताडा नावाची बाई

मित्रांनो, माझं नाव जिताडा. नाव पुरुषी असलं तरी मी बाई आहे, आणि चांगली पोक्त बाई आहे. गंमत अशी की, आयुष्याची पहिली काही वर्षं मी खरोखरच पुरुष होतो. दचकू नका. मी मासा आहे, आणि आमच्या कुळाची हीच रीत आहे. बहुतेक जिताडे आधी नर म्हणून वाढतात आणि अंगाने भरले की मादी होतात. तेव्हा माझी गोष्ट सांगताना मी आधी ‘होतो’ म्हणेन आणि नंतर ‘होते’ म्हणेन. तुम्ही निबंधात असं लिहिलंत तर बाई लाल रेघ मारतील. मला मात्र माफ आहे.

माझा जन्म खाडीच्या तोंडाशी झाला. नदीचं गोडं पाणी आणि समुद्राचं खारं पाणी जिथे एकमेकांत मिसळतं, तिथे. आईने भरतीच्या वेळी लाखो अंडी पाण्यात सोडली आणि ती आपल्या वाटेने निघून गेली. एकेक अंडं मोहरीच्या दाण्याहून लहान आणि काचेसारखं आरपार. त्याच्या पोटात तेलाचा एक थेंब. तो थेंब म्हणजे आमची शिदोरी, आणि त्याच्यामुळेच आम्ही तरंगायचो. भरतीच्या लोंढ्याने आम्हाला खाडीच्या आत ढकललं. एक दिवस पुरा व्हायच्या आत मी अंड्यातून बाहेर पडलो. तेव्हा मला नीट तोंडही फुटलं नव्हतं.

माझं बालपण खारफुटीत गेलं. खारफुटी म्हणजे खाडीकाठच्या चिखलात मुळं रोवून उभी असलेली झाडं. ओहोटीला ती मुळं उघडी पडतात, भरतीला बुडतात. त्या मुळांच्या जाळीत मोठ्या माशांना शिरता येत नाही, म्हणून आम्ही पिल्लं तिथे सुखरूप. आधी मी डोळ्यांना न दिसणारे जीव खाल्ले. मग कोळंबीची पिल्लं खाल्ली. मग भावंडं खाल्ली. तोंडं वाकडी करू नका. आमच्यात जो भराभर वाढतो तो लहानाला गिळतो, आणि मी भराभर वाढलो. तसं झालं नसतं तर आज ही गोष्ट सांगायला दुसराच कुणीतरी बसला असता.

हातभर लांब झालो तेव्हा मी नदीत वर चढलो. आता तुम्ही म्हणाल, खाऱ्या पाण्यातला मासा गोड्या पाण्यात कसा जगला? इथेच तर आमची करामत आहे. खाऱ्या पाण्यात असताना मी पाणी भरपूर पितो आणि जास्तीचं मीठ कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. गोड्या पाण्यात शिरलो की सगळं उलटं. तिथे पाणी पिणं जवळजवळ बंद, आणि अंगात आपोआप झिरपलेलं पाणी लघवीवाटे बाहेर. कल्ले तेच, फक्त काम फिरवून घ्यायचं. सगळ्याच माशांना हे जमत नाही. कित्येक मासे पाणी बदललं की दिवसभरात मान टाकतात.

माझ्या देहाविषयी थोडं सांगतो, कारण मला त्याचा अभिमान आहे. माझी पाठ उंच, कपाळ मात्र खोलगट. खालचा जबडा वरच्याहून पुढे आलेला, त्यामुळे मी कायम कुणाला तरी जाब विचारतोय असं वाटतं. मी भक्ष्यामागे धावत सुटत नाही. बुडालेल्या ओंडक्याच्या आडोशाला थांबतो, ते जवळ आलं की तोंड उघडतो, आणि पाण्याबरोबर तेही आत. त्या वेळी ‘भप्प’ असा आवाज होतो. कल्ल्याच्या झाकणाला करवतीसारखी धार आहे. मला निष्काळजीपणे धरणाऱ्याचा तळहात त्या दिवसापुरता तरी कामातून जातो. अंधारात माझे डोळे सोनेरी चमकतात. पोटात हवेची पिशवी आहे, तिच्यामुळे मी पाण्यात हवा तिथे अधांतरी थांबू शकतो. खवल्यावर वर्षावर्षाची वळी उमटतात, झाडाच्या बुंध्यात उमटतात तशीच. आणि सगळ्यात मोलाची म्हणजे अंगावरची ती रेघ. कल्ल्यापासून थेट शेपटीच्या कडेपर्यंत जाते. पाणी जराही हललं तर तिला आधी कळतं. तुम्हाला कान आहेत, त्वचा आहे. मला ही दोन्हींचं काम करणारी रेघ आहे.

असा मी नदीत मजेत होतो. पुढे नर म्हणून वयात आलो तेव्हा खाऱ्या पाण्याची ओढ लागली. नदी पुराने गढूळ झाली, तशी तिच्याबरोबर मीही खाली निघालो, आणि खाडीच्या तोंडाशी पोचायच्या आत जाळ्यात सापडलो. जाळं मत्स्यबीज केंद्राच्या माणसांचं होतं. त्यांनी मला ओल्या कापडात गुंडाळलं, पाण्याच्या पिंपातून नेलं आणि एका गोल सिमेंटच्या टाकीत सोडलं. टाकीच्या भिंतीला काचेची खिडकी होती. तिच्यातून मला समोरचं पत्र्याचं छप्पर, छपराखालचे छोटे हौद आणि माणसांची ये-जा दिसायची. माणसांचं बोलणं मला कसं कळायचं असं विचाराल, तर त्यात काही जादू नाही. इतकी वर्षं ऐकलं असतं तर भिंतीलाही कळलं असतं.

केंद्र चालवायच्या त्या मॅडम. उंच, घाईघाईने चालणाऱ्या, पदर कायम खोचलेला. त्या माशांच्या शास्त्रज्ञ होत्या, पण मुळात याच खाडीकाठच्या मच्छीमाराची लेक. दुसरे मिस्त्री. केंद्रातले नळ, पंप, हवेच्या नळ्या हे सगळं त्यांच्या हातात. मिस्त्रींना टाकीशी बोलायची सवय होती. काच पुसता पुसता सगळ्या गावाच्या खबरी ते मला ऐकवायचे. माझं ‘नवरदेव’ हे नाव त्यांनीच ठेवलं, कारण टाकीत माद्या बऱ्याच होत्या आणि नर थोडे.

केंद्र कशासाठी होतं तेही सांगायला हवं. खाडीकाठची खारफुटी काही वर्षांपूर्वी तोडली गेली होती. माल ठेवायला मोकळी जागा हवी म्हणून. पिल्लांचं घर गेलं, तसे जिताडे संपत आले. मग झाडं पुन्हा लावली, ती वाढलीही, पण घर बांधून झालं म्हणून माणसं येतातच असं नाही. मॅडमचं म्हणणं असं की, केंद्रात आमची पिल्लं वाढवायची आणि खारफुटीत सोडायची. शिवाय पिल्लं तग धरेपर्यंत खाडीच्या तोंडाशी कुणी जाळं टाकायचं नाही. वस्तीतल्या मच्छीमारांनी कुरकुरत का होईना, बंदी मान्य केली. अट एकच घातली. नव्या हंगामात मुळांमध्ये पिल्लं दिसली पाहिजेत. नाही दिसली तर बंदी उठली.

त्या हंगामाच्या आधीच्या वर्षी टाकीत रोग आला. धाकटे नर एकामागून एक गेले. मी तेवढा टिकलो. सगळी भिस्त माझ्यावर आली, आणि नेमकं तेव्हाच माझ्या शरीराने आपलं काम सुरू केलं. दुखलं नाही, खुपलं नाही. अन्न गोड लागायचं, वजन वाढत होतं, आणि आतल्या आत नराचं सामान आवरून मादीचं मांडलं जात होतं. कुणी मला विचारलं नाही. मलाही कुणाला विचारावंसं वाटलं नाही. आपण आता आणखी मोठं होणार, एवढं मात्र पक्कं वाटत होतं.

हंगामाच्या तोंडावर मॅडमनी आमची तपासणी केली. एका टबात लवंगेच्या तेलाचे थेंब टाकलेलं पाणी होतं. त्यात ठेवलं की आम्हाला गुंगी येते. मिस्त्रींनी मला आडवं धरलं, मॅडमनी बारीक नळीने पोटातला थेंबभर नमुना घेतला आणि काचपट्टीवर ठेवून सूक्ष्मदर्शकात पाहिला. मग चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिला.

“मिस्त्री, नवरदेव गेला.”

“गेला? अहो, कल्ले हलताहेत की!”

“तसा नाही गेला. बाई झाला. यात अंडी आहेत.”

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं, मॅडमकडे पाहिलं. “म्हणजे आता या टाकीत...”

“सगळ्या बायका.”

“आणि लग्न कुणाशी लावायचं?”

मॅडमना हसू आलं नाही. त्या स्टुलावर बसून राहिल्या. “हे होणार हे मला माहीत होतं. या वर्षी होईल असं वाटलं नव्हतं.”

गुंगी उतरली तशी मी टाकीत शिरले आणि दोन फेऱ्या मारल्या. मित्रांनो, इथून पुढे मी ‘होते’. बाहेर माझ्यामुळे केवढी पंचाईत झाली होती! मला मात्र त्यात अडचण अशी काही दिसेना. नर हवाय ना? मग आणा. खाडीत एखादा तरी असेलच.

मॅडमनाही तेच सुचलं होतं. पण खाडीतला नर जिवंत आणि खवलाही न निघता धरून आणणारा एकच माणूस त्यांच्या डोळ्यांपुढे होता, आणि तो त्यांच्याशी बोलत नव्हता. तो त्यांचा थोरला भाऊ. वस्तीत सगळे त्याला दादाच म्हणायचे. गळ टाकण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. बंदी आली तशी त्याची बोट काठाला लागली आणि लोकांना विषय मिळाला. ‘सख्ख्या बहिणीने घरी बसवलं’ असं ते त्याच्या तोंडावर बोलायचे. तेव्हापासून दादाने बहिणीच्या घराची पायरी चढली नव्हती. मिस्त्रींनी हे मला काच पुसताना सांगितलं होतं, आणि वर म्हणाले होते, “दोघंही एका आईची. मागे कोण हटणार?”

मॅडमनी मिस्त्रींनाच निरोप घेऊन पाठवलं. दादा आला. रुंद खांद्यांचा, उन्हाने रापलेला. छपराखाली भाऊ आणि बहीण चार हातांवर उभे राहिले. मधे मिस्त्री.

“मिस्त्री, यांना सांगा, नर हवाय,” मॅडम म्हणाल्या. “मध्यम आकाराचा. अंगाला ओरखडा नको.”

“दादा, मॅडम म्हणताहेत...”

“ऐकलं मी. बहिरा नाही झालो अजून. त्यांना विचारा, बंदी कुणी आणली?”

“मॅडम, दादा विचारताहेत...”

“बंदी जाळ्याला आहे. एका गळाची आणि एका माशाची परवानगी मी वस्तीच्या सभेत मागून घेतलीय.”

“दादा, त्या म्हणताहेत...”

“वा! म्हणजे नियम यांचा आणि पळवाटही यांचीच.”

मिस्त्रींनी खांद्यावरच्या फडक्याने घाम पुसला. “तुम्ही थेट बोललात तर माझी मान तरी वाचेल. इकडे तिकडे फिरवून पार आखडली.”

दादा जायला वळला, मग थांबला. टाकीच्या खिडकीशी आला आणि वाकून आत पाहू लागला. मी मुद्दामच काचेजवळ गेले आणि सबंध अंग आडवं करून त्याला दाखवलं. त्याने मला डोक्यापासून शेपटीपर्यंत न्याहाळलं.

“हा तो नवरदेव?” अखेर त्याने मिस्त्रींना विचारलं.

“होता. आता बाई आहे.”

“जन्मभर हे मासे धरले मी,” दादा म्हणाला, “पण इतकी ऐटबाज बाई पाहिली नाही.” मग कुणाकडेच न बघता म्हणाला, “आणतो म्हणावं.”

काही दिवस त्याचा पत्ता नव्हता. मॅडम येता-जाता फाटकाकडे बघायच्या. मिस्त्री मला सांगायचे, दादा रोज भरतीला जातो आणि रिकामा परततो. काठावरचे लोक विचारतात, “काय दादा, बहिणीची चाकरी का?” दादा दुसऱ्या दिवशी पुन्हा जातो. शेवटी एका दुपारी तो पाण्याने भरलेलं पिंप घेऊन आला. आत एक तरुण नर होता, भेदरलेला पण धडधाकट. दादाने त्याला उचलायच्या आधी दोन्ही हात ओले केले. कोरड्या हाताने आमच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो, आणि तो गेला की रोगाला दार उघडं होतं. त्याने एका हाताने नराचा खालचा ओठ धरला, दुसरा पोटाखाली घातला. एक खवला निघाला नाही. दादाचा तळहात मात्र कल्ल्याच्या धारेने फाटला होता, रक्त ठिबकत होतं.

मॅडमनी कापूस आणला. भावापर्यंत गेल्या, आणि कापूस मिस्त्रींच्या हातात ठेवला. “यांना लावायला सांगा.”

“खारं पाणी लावलंय म्हणावं,” दादा म्हणाला. पण जाताना कापूस घेऊन गेला.

नर टाकीत आला. पहिले काही दिवस तो कोपऱ्यात दबून असायचा. मी त्याच्यापेक्षा कितीतरी मोठी, त्यामुळे त्याचं कोपऱ्यात बसणं शहाणपणाचंच होतं. मॅडमनी हळूहळू पाणी जास्त खारं केलं. मग अमावास्येच्या सुमाराला टाकीतलं पाणी आधी उतरवून पुन्हा चढवायला लागल्या. खाडीच्या तोंडाशी भरती चढते तसं. टाकीत चंद्र नव्हता की समुद्र नव्हता, पण माझ्या अंगावरच्या रेघेला चढतं पाणी बरोबर कळलं. दिवस मावळत होता. तो नर माझ्या बाजूला येऊन पोहू लागला. मी वेग घेतला, त्यानेही घेतला. मी अंडी सोडली, त्याने त्यांच्यावर आपलं रेत सोडलं, आणि टाकीचं पाणी दुधट झालं.

सकाळी मॅडमनी पृष्ठभागावरून भांडंभर पाणी घेतलं आणि उजेडात धरलं. आरपार दिसणारे असंख्य दाणे वर तरंगत होते. त्यांनी भांडं मिस्त्रींच्या हातात दिलं आणि तोंड फिरवून डोळे पुसले. मिस्त्री मात्र फाटकापर्यंत ओरडत गेले, “मुलं झाली हो! नवरदेवाला मुलं झाली!”

माझी पिल्लं माझ्या खिडकीसमोरच्या हौदांत वाढू लागली. त्यांचं करायला मॅडम आणि मिस्त्री दिवसभर राबत. सारखं खायला घालायचं, आणि मुख्य म्हणजे आकाराप्रमाणे वेगळं काढायचं. फटी असलेल्या पेटीतून त्यांना गाळायचं, लहान फटीतून पलीकडे जायची, मोठी अलीकडे राहायची. हे चुकलं की मोठ्यांची पोटं भरलेली आणि हौद निम्मा. पिल्लं माझीच होती, हे वेगळं सांगायला नको.

आणि मग तो दिवस आला. कडक ऊन होतं. मिस्त्री लेकीच्या सासरी गेले होते. दुपारी माझ्या रेघेला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. सदैव असणारी बारीक थरथर थांबली होती. हवेचा पंप बंद पडला होता. बाहेर कुठेतरी विजेची तार तुटली होती, आणि केंद्राचं जनित्र घरघर करून गप्प झालं होतं. टाकीतले बुडबुडे एकेक करून विरले.

मित्रांनो, पाण्यात आम्ही श्वास घेतो तो पाण्यात विरघळलेल्या हवेचा. पाणी तापलं की ती कमी होते, आणि दाटीवाटीच्या हौदात तर ती बघता बघता संपते. अशा वेळी मोठ्या माशाने काय करावं, ते मला कुणी शिकवलं नव्हतं. मी तळाशी गेले आणि हलायची थांबले. जितकी हालचाल कमी तितकी हवा कमी लागते. पण पिल्लांना हे कुठलं कळायला! ती पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडझाप करू लागली.

मॅडम बादली घेऊन धावत होत्या. हौदातलं पाणी उचलायचं आणि उंचावरून परत ओतायचं, म्हणजे थोडी तरी हवा मिसळेल. एका हौदाचं झालं की दुसरा, दुसऱ्याचं झालं की तिसरा. दोन हातांनी ते पुरणार नव्हतं. त्यांनी बादली टाकली, फोन काढला, आणि क्षणभर नुसत्याच त्याच्याकडे बघत राहिल्या. मग नंबर लावला.

“दादा... दादा, ऐक. हवा बंद पडलीय. पिल्लं मरतील. तुझ्या बोटीचा पाणी उपसायचा पंप आण. डिझेलवरचा.” पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. मॅडम म्हणाल्या, “नाही, मिस्त्री नाहीयेत. मीच बोलतेय.”

तो हातगाडीवर पंप घालून आला. बरोबर दोन सोबती होते, तेच जे काठावरून त्याला चिडवायचे. मॅडमनी नळीला भोकं पाडून ठेवली होती. दादाने पंपाचा पाइप केंद्रालगतच्या खाडीच्या पाण्यात सोडला, दोरी ओढली, इंजिन खोकलं आणि चाललं. नळीच्या भोकांमधून पाण्याच्या चिळकांड्या उडून हौदांवर पडू लागल्या. पाणी हवेतून पडलं की हवा घेऊनच पडतं.

“इकडे धर!” “त्या टोकाला दाब!” “अरे, मोठ्या टाकीलाही दे थोडं!” अशी सगळी आरडाओरड चालली होती. त्यात कुणी कुणाला ‘यांना सांगा’ म्हटलं नाही. माझ्या टाकीत पहिली चिळकांडी पडली तेव्हा मी तळ सोडला आणि वर येऊन तिच्याखाली थांबले. कल्ल्यांमधून ताजं पाणी वाहिलं. काय गोड लागलं म्हणून सांगू! खारं होतं तरी.

एक हौद गेला. सगळ्यात टोकाचा, उन्हातला. त्यातलं एकही पिल्लू वाचलं नाही. बाकीचे वाचले. सोबती पाणी प्यायला गेले. बहीण-भाऊ माझ्या खिडकीशी पायरीवर बसले, डोक्यापासून पायापर्यंत भिजलेले.

“लोक तुला बोलले ते मला कळत होतं,” मॅडम म्हणाल्या.

“लोकांचं सोड. मला बंदीचा राग नव्हता.” दादा नखाने पायरीवरचं शेवाळ खरवडत होता. “मासे संपलेत हे मला दिसत नव्हतं का? पण बंदीचं मला तुझ्याकडून कळायला हवं होतं. सभेत चारचौघांबरोबर ऐकलं मी. तुझा भाऊ ना मी?”

“तुला आधी सांगितलं असतं तर म्हणाले असते, भावाला विचारून नियम करते.”

“म्हणायचं ते तसंही म्हणालेच की.”

मॅडमनी पदराचं पाणी पिळलं. मग म्हणाल्या, “चुकलं माझं. घरी येऊन सांगायला हवं होतं.”

“मग आता ये,” दादा म्हणाला. “वहिनी विचारते सारखी.” आणि उठून पंपात डिझेल ओतायला गेला.

पिल्लं बोटाएवढी झाली तशी त्यांना खारफुटीत सोडलं. भरतीच्या पाण्याबरोबर, माझ्या आईने मला सोडलं होतं त्याच वाटेवर. मी ते पाहिलं नाही, मिस्त्रींनी सांगितलं. पुढे पाणी नितळलं तेव्हा वस्तीतली माणसं मुळांमध्ये शोधायला गेली. कपाळावर पांढरा पट्टा असलेली तपकिरी पिल्लं झाडांच्या सावलीत थबकून उभी होती, आणि आमच्या हौदात नव्हते असे आकारही त्यांत होते. म्हणजे खाडीत आमच्याशिवायही कुणीतरी वाढत होतं. सभा झाली. आणखी एक हंगाम बंदी ठेवावी असं पहिल्यांदा कोण बोललं असेल? दादा. “माझी बोट काठालाच राहील. कुणाला हसायचं असेल त्याने आत्ता हसून घ्यावं,” असं तो म्हणाला. कुणी हसलं नाही म्हणे.

माझं काय करायचं हा प्रश्न उरला. टाकीला मी आता मोठी होत होते. चार शेपट्या मारल्या की भिंत यायची. दादाने आणलेल्या नराची टाकीतल्या धाकट्या माद्यांशीही जोडी जमली होती. मॅडम एके दिवशी बराच वेळ खिडकीशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “हिला सोडू या.”

मिस्त्री कळवळले. “अहो, ती इथे रुळलीय. बाहेर जमेल का तिला?”

“मिस्त्री, मादी जितकी मोठी तितकी तिची अंडी जास्त. ही एकटी खाडीला जे देईल ते आपल्या सगळ्या हौदांना जमायचं नाही.”

दादा शेजारीच उभा होता. “तिला जमेल का असं विचारताय?” तो म्हणाला. “तोंड बघा तिचं. ती आपल्यालाच विचारतेय, एवढा उशीर का केलात.”

खरं होतं ते.

त्यांनी मला भिजवलेल्या ताडपत्रीच्या झोळीत घेतलं आणि दादाच्या बोटीतून खाडीच्या तोंडाशी नेलं. मिस्त्री सारखे माझ्यावर पाणी शिंपडत होते आणि नाक ओढत होते. मॅडमनी झोळीची एक बाजू पाण्याखाली उतरवली. मी लगेच गेले नाही. घाबरले म्हणून नाही. इतक्या वर्षांनी भिंत नसलेलं पाणी होतं ते. त्यात नदीचा गाळ होता, समुद्राचं मीठ होतं, दूरवर कुठेतरी कोळंबीचा थवा सरकत होता, आणि ते सगळं माझ्या अंगावरच्या रेघेला एकाच वेळी सांगितलं जात होतं. ते ऐकून घ्यायला जरा वेळ लागला. मग मी शेपटी मारली. तिघंही नखशिखांत भिजले.

मित्रांनो, आता मी इथे राहते. मुळांच्या अलीकडे एक बुडालेला ओंडका आहे, तो माझा. हंगामात गढूळ पाणी उतरतं, भरती चढते, तेव्हा मी तोंडाशी जाते आणि अंडी सोडते. त्यांचं पुढे काय होतं ते बघायला मी थांबत नाही. ते बघायचं काम माझं नाहीच. ते चिखलाचं आणि झाडांचं काम आहे, आणि थोडं तुमचंही.

तुम्ही कधी खाडीकाठी आलात तर तुम्हाला आधी चिखल दिसेल. त्याला वास येईल, पाय रुतेल, चप्पल अडकेल. कुणीतरी मोठं माणूस म्हणेलच, “शी, काय घाण आहे! इथे भर टाकून छान सपाट केलं पाहिजे.” तेव्हा त्यांना थांबवा. त्यांना सांगा की, ही घाण नाही, इथे पिल्लं राहतात. पिशव्या आणि बाटल्या टाकू नका, मुळं तोडू नका, आणि जाळ्यात फार लहान किंवा फार मोठा जिताडा आला तर हात ओले करून त्याला परत सोडा. एवढं तुम्ही करा. बाकीचं माझं मी बघते.